आंगिकाचा अनुशेष : भगवान पालव यांच्या निमित्ताने

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. तृतीय वर्षाच्या वर्गातला एक विद्यार्थी प्रकल्पाचा विषय घेऊन माझ्याकडे आला होता. मुलगा अभ्यासात मध्यम. वर्गात बहुधा शेवटच्या बाकावर बसणारा, पण गावच्या शक्ती-तुऱ्याच्या फडात पायात चाळ बांधून उभा राहिला की साऱ्या पंचक्रोशीची नजर धरून ठेवणारा. त्याला भगवान पालव यांच्या मारधाडपटांवर लिहायचे होते. मी त्याला जे उत्तर दिले ते आजही शब्दशः आठवते. "अरे, हा मराठी साहित्याचा प्रकल्प आहे. यात साहित्य कुठे आहे? विषय बदल." त्याने विषय बदलला. एका नवकवीच्या प्रतिमासृष्टीवर चाळीस पाने लिहिली, त्याला बरे गुणही मिळाले. त्या चाळीस पानांत त्याचे स्वतःचे एकही वाक्य नव्हते, हे मला तेव्हाही कळले होते.

गेल्या शिमग्याला पूर्णगडला गेले असता तो पालखी नाचवताना दिसला. खांद्यावरचा भार, उतरती वाट, भोवती गर्दी, आणि तरी पालखीचा तोल रेसभरही ढळत नव्हता. गुडघे किंचित दुमडलेले, कंबर सैल, मान स्थिर. मी पाहत राहिले आणि मनात आले, की या माणसाला जे येते त्याचे वर्णन करायला माझ्याकडे, पदव्युत्तर मराठी शिकलेल्या आणि वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या बाईकडे, शब्द नाहीत. 'छान नाचतो' याच्या पुढे माझी परिभाषा जात नाही. प्रस्तुत लेख या उणिवेविषयी आहे. भगवान पालव हे त्याचे निमित्त आहे, आणि त्या मुलाला मी दिलेल्या चुकीच्या उत्तराची दुरुस्ती हा त्याचा हेतू आहे.

प्रथम पूर्णगडविषयी थोडेसे. रत्नागिरीहून पावसमार्गे दक्षिणेला गेले की मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथे, खाडीच्या मुखावरच्या टेकडीवर हा आटोपशीर किल्ला आहे. दरवाजाशी मारुती आहे. जिथे मारुती तिथे जोर-बैठका, हे समीकरण आपल्याकडे जुने आहे. या पट्ट्यातली कित्येक घरे तीन-चार पिढ्या मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालली. मुंबईच्या गिरणीकामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांचा भरणा फार मोठा होता, हे कामगार-इतिहासाच्या कोणत्याही अभ्यासकाला ठाऊक आहे. माझे आजोबा त्यांपैकीच एक. परळच्या गिरणीत पाळी करायची, गावकीच्या खोलीत वळकटी टाकायची, खानावळीत जेवायचे आणि सुटीच्या दिवशी सर्वांत स्वस्त तिकीट काढून पडद्याजवळच्या बाकांवर बसायचे, असे त्यांचे तारुण्य गेले. निवृत्त होऊन गावी आल्यावर अंगणात ते आम्हा नातवंडांना एक खेळ दाखवीत. खोटी थप्पड मारायची, पण आवाज खरा काढायचा. "ही भगवानची," असे म्हणून ते स्वतःच हसत. तो हात गालापासून वीतभर दूर थांबे. गिरणीत आयुष्यभर यंत्राशी झुंजलेल्या त्या हाताला नेमके कुठे थांबायचे हे माहीत होते. थप्पड गालावर न पोचता का थांबते, हा प्रश्न पुढे या लेखात येणार आहे, म्हणून हा तपशील दिला.

भगवान आबाजी पालव यांचा जन्म १९१३ सालचा. वडील गिरणीकामगार. शिक्षण बेताचे. मुलगा गिरणगावाच्या परिसरात वाढला आणि त्याला दोन वेडे लागली, कुस्ती आणि सिनेमा. ही दोन वेडे त्या काळी परस्परविरोधी नव्हती. मूकपट हा मूलतः देहाचा खेळ. उडी, झेप, दौड, तलवारीचा हात हीच त्याची भाषा. ज्याचे शरीर तालमीत कमावलेले, त्याला स्टुडिओच्या दारात निदान उभे तरी राहता येई. भगवान मूकपटाच्या अगदी शेवटच्या दिवसांत पडद्यावर आले. १९३८मध्ये त्यांनी चंद्रराव कदम यांच्यासमवेत 'बहादूर किसान'चे दिग्दर्शन केले आणि पुढची दहा-बारा वर्षे अत्यल्प भांडवलात मारधाडपटांची एक मालिकाच काढली. १९४१मध्ये तर त्यांनी 'वनमोहिनी' हा तमिळ चित्रपट दिग्दर्शित केला. गिरणगावातला एक मराठी पोरगा तमिळ चित्रपट करू शकला, कारण त्याच्या चित्रपटाचे व्याकरण तमिळही नव्हते आणि मराठीही नव्हते. हे व्याकरण धावण्याचे, पडण्याचे आणि उठण्याचे होते. १९४२मध्ये त्यांनी 'जागृती' ही स्वतःची निर्मितिसंस्था काढली आणि १९४७मध्ये चेंबूरला स्टुडिओ उभारला. गिरणीकामगाराच्या मुलाने आपल्याच वर्गातल्या माणसांसाठी चित्रपट काढावेत, त्यांनीच ते चार-सहा आण्यांनी उचलून धरावेत आणि त्यातून स्टुडिओ उभा राहावा, ही घटना आपल्या सांस्कृतिक इतिहासात पुरेशी नोंदली गेली आहे असे मला वाटत नाही.

ती का नोंदली गेली नाही, याचे उत्तर शोधताना भगवान यांच्याही मागे जावे लागते. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' प्रदर्शित झाला. अर्देशीर इराणींच्या या पहिल्या भारतीय बोलपटाचा नायक मराठी होता. मास्टर विठ्ठल हे त्याचे नाव. राजापूरकर नाटक मंडळीत बालनट म्हणून रंगभूमीवर आलेले, कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत सिनेमाचे काम शिकलेले आणि पुढे शारदा स्टुडिओच्या मूकपटांतून तलवारबाजीचा नायक म्हणून देशभर गाजलेले. त्यांना भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हटले जाई. 'आलम आरा'साठी त्यांनी शारदा सोडली, कंपनीने दावा गुदरला आणि त्यात विठ्ठल यांची बाजू बॅरिस्टर जीनांनी मांडली. एवढे रामायण होऊन नायक मिळाला, आणि मग लक्षात आले की बोलपटाच्या नायकाला बोलता आले पाहिजे. विठ्ठल यांच्या जिभेवर उर्दू संवाद बसेनात. त्यामुळे त्यांच्या वाट्याचे बोलणे कमी करून पात्राला बराच काळ गुंगीत दाखवण्यात आले, असे चित्रपटाचे इतिहासकार नोंदवतात.

माझ्या मते या प्रसंगाकडे केवळ गमतीदार किस्सा म्हणून पाहणे चूक आहे. भारतीय पडद्यावर वाणी अवतरली त्या पहिल्याच दिवशी देहाला गुंगी आली, असा त्याचा अर्थ आहे. घोड्यावरून झेप घेणारा, एकाच वेळी चार तलवारींना अंगावर घेणारा नट एका रात्रीत अपुरा ठरला. त्याची कला कमी झाली नव्हती, तिचे मोल करणारे माप बदलले होते. विठ्ठल यांनी पुढे मराठी ऐतिहासिक चित्रपटांत कामे केली, पण मूकपटातले अग्रस्थान त्यांना पुन्हा लाभले नाही. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. म्हणजे ती गुंगीही आपल्याला पाहता येत नाही.

मराठी समीक्षेचे मापही हेच आहे. आपली रंगभूमी शब्दप्रधान. पल्लेदार संवाद आणि नाट्यपद यांवर आपली अभिरुची पोसली गेली. नटाचे मोठेपण सांगताना आपण त्याची वाणी, शब्दफेक, स्वर यांविषयी परिच्छेदच्या परिच्छेद लिहितो. शरीराविषयी लिहिताना 'भारदस्त', 'रुबाबदार', 'देखणे' या तीन विशेषणांवर थांबतो. कमावलेल्या शरीराविषयी तर भाषेनेच आधी निकाल देऊन ठेवलेला आहे. आडदांड, धटिंगण, रांगडा, दांडगट. पहिलवानाची अक्कल गुडघ्यात, असे आपण हसत म्हणतो. गुडघ्यात खरोखरच अक्कल असते, हे मला शिमग्यातल्या त्या उतारावर प्रथम उमगले.

गंमत अशी की आपल्या परंपरेतला सर्वांत जुना नाट्यविचार असा एकांगी नाही. भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार केले आणि आंगिकाचा उल्लेख प्रथम केला, हे आपण दरवर्षी वर्गात सांगतो. पण चारी-विधानाचा अध्याय आपण सहसा वगळतो. त्यात रंगभूमीवरच्या शस्त्रयुद्धाचे नियम आहेत. तेल लावून, आहार सांभाळून नटाने व्यायाम कसा करावा याचे विवेचन आहे. आणि एक अत्यंत महत्त्वाचा दंडक आहे. रंगभूमीवर प्रत्यक्ष भेद करू नये, छेद करू नये, रक्त काढू नये. प्रहार सूचित करावा, आघात होऊ देऊ नये. म्हणजे झुंजीचा अभिनय ही स्वतंत्र विद्या आहे आणि तिचे मर्म संयमात आहे, असे भरताचे म्हणणे आहे.

हा दंडक आजच्या मराठी वाचकाला चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे, कारण आपल्या भाषेत संगनमताने केलेल्या झुंजीला एकच शब्द आहे, नुरा कुस्ती. तो शिवीसारखा वापरला जातो. आखाड्याच्या नीतीत ते योग्यच आहे. तिथे दोन मल्लांनी आधी ठरवून लढणे म्हणजे प्रेक्षकांची फसवणूक. पडद्यावर मात्र सगळी झुंज नुराच असते आणि असलीच पाहिजे. तालमीतून पडद्याकडे जाणाऱ्या माणसाला म्हणून एक अवघड उलटापालट करावी लागते. वस्तादाने वर्षानुवर्षे शिकवलेले असते की डाव लागलाच पाहिजे. कॅमेऱ्यासमोर शिकायचे असते ते डाव लागल्यासारखा दाखवून समोरच्याला सुखरूप ठेवणे. शरीरात मुरलेली सवय शरीरानेच मोडायची. हे शिक्षण ज्याला जमले तो नट. ज्याला जमले नाही तो कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला पहिलवान.

भगवान यांना हे नेहमी जमले का? येथे त्यांच्या चरित्रातला सर्वांत अप्रिय प्रसंग टाळून चालणार नाही. 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाच्या चित्रीकरणात, १९४२मध्ये, एका दृश्यात भगवान यांनी ललिता पवार यांना थप्पड मारायची होती. ती फार जोरात बसली. ललिताबाईंच्या चेहऱ्याला पक्षाघाताचा झटका आला, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली, उपचारांत वर्षे गेली. येवल्यात जन्मलेली आणि मूकपटापासून नायिका म्हणून काम करणारी ही गुणी अभिनेत्री त्यानंतर नायिका म्हणून उभी राहू शकली नाही. पुढे तिने चरित्रभूमिकांत आपले राज्य निर्माण केले, 'अनाडी'तल्या भूमिकेसाठी तिला पुरस्कारही मिळाला, तो तिच्या जिद्दीचा भाग. त्या मिटलेल्या डोळ्यालाच पुढे खाष्ट सासूची खूण म्हणून वापरण्यात आले. आपण त्या डोळ्याकडे पाहून पिढ्यान्‌पिढ्या चरफडलो. तो डोळा म्हणजे एका अपघाताचा व्रण आहे, हे फार थोड्यांना माहीत होते.

भगवान यांच्यावर प्रेम करणारे लेखक हा प्रसंग 'दुर्दैवी अपघात' या दोन शब्दांत आटोपतात. अपघात होता यात शंका नाही. पण त्या अपघाताला एक कारणपरंपरा आहे, आणि ती सांगितल्याखेरीज या विषयावर प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. कमी पैशांत, कमी दिवसांत, तालमीशिवाय काढलेले चित्रपट. झुंजीची रचना बसवणारा स्वतंत्र जाणकार असावा, ही कल्पनाच पुरेशी रुजलेली नाही. समोरच्याला कसे सांभाळावे हे शिकवणारी शाळा नाही. आणि या सगळ्यामागे समाजाची अशी समजूत, की मारामारीत शिकण्यासारखे असते काय? ज्या कलेला आपण कला मानत नाही, तिचे शिक्षण आपण उभारत नाही. मग ते शिक्षण नसल्याची किंमत कुणीतरी देते. १९४२मध्ये ती ललिता पवारांनी दिली.

चाळीस वर्षांनी, २६ जुलै १९८२ रोजी बंगळूरला 'कुली'च्या चित्रीकरणात सहकलाकाराशी झुंजीचे दृश्य देताना अमिताभ बच्चन गंभीर जखमी झाले. देशभर प्रार्थना झाल्या, वर्तमानपत्रांनी दररोजची प्रकृती छापली, आणि चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा नेमक्या त्या क्षणी दृश्य गोठवून पडद्यावर मजकूर दाखवण्यात आला, की हाच तो प्रसंग. एका नायकाच्या जखमेला चित्रपटाने थांबून मान दिला. नायिकेच्या जखमेसाठी कोणता पडदा थांबला? दोन काळ वेगळे आहेत, प्रसारमाध्यमे वेगळी आहेत, हे मला मान्य आहे. तरीही कुणाच्या देहाला इतिहासात तळटीप मिळते आणि कुणाच्या देहाला चौकट, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्यांनी विचारायचा नाही तर कुणी विचारायचा?

यानंतरचा भगवान यांचा प्रवास मला म्हणूनच फार अर्थपूर्ण वाटतो. राज कपूर यांनी त्यांना मारधाड सोडून सामाजिक चित्रपट काढण्याचा सल्ला दिला, असे सांगितले जाते. १९५१मध्ये 'अलबेला' आला. नायक भगवान, नायिका गीता बाली, संगीत जुने स्नेही सी. रामचंद्र म्हणजे आपले चितळकर अण्णा. चित्रपट अफाट चालला. त्यातल्या गाण्यांविषयी आजवर भरपूर लिहिले गेले आहे. मला बोलायचे आहे ते त्या नाचाविषयी.

'अलबेला'तले भगवान नीट पाहावेत. ठेंगणा, भरलेला देह. नर्तकाची लवचीकता नाही, शास्त्रीय शिक्षणाचा मागमूस नाही. पण भार दोन्ही पायांवर सारखा तोललेला, गुडघे सैल, पावले लहान, खांदे नि मनगटे हलकी. कुस्तीगीर हौद्यात प्रतिस्पर्ध्याभोवती फिरतो तेव्हा पाय असेच जमिनीला धरून असतात. मला असे वाटते, की त्या नाचाच्या मुळाशी आखाड्यातला पवित्रा आहे. फरक एवढाच, की पवित्र्यानंतर येणारा हल्ला येतच नाही. हल्ल्याच्या जागी एक डुलणे येते, एक खट्याळ हसू येते. ज्या हाताने नऊ वर्षांपूर्वी नको तितक्या जोराने प्रहार केला होता, तो हात इथे हवेत नुसता तरंगतो. याला मी प्रायश्चित्त म्हणणार नाही, कलावंताच्या मनातले आपल्याला कळत नाही. पण प्रहार सूचित करावा, आघात करू नये, हे भरताचे सूत्र या नाचात त्याच्या शेवटच्या टोकाला पोचलेले दिसते. आणि हा नाच कुणालाही करता येतो. गणपतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत ज्याला काहीच नाचता येत नाही तो माणूस जे करतो, ते पुष्कळदा भगवान यांचेच असते. अमिताभ बच्चन यांच्या नाचात ते दिसते, पुढे गोविंदामध्ये दिसते. ज्या अभिव्यक्तीची लाखो माणसे कळत-नकळत नक्कल करतात, तिला आपण लोकपरंपरा म्हणतो. भगवान यांनी एकट्याने ती निर्माण केली, असे म्हणता येईल.

पुढची कथा सर्वांना माहीत आहे. 'झमेला', 'लाबेला' यांतून 'अलबेला'चे यश परत आले नाही. जुहूचा बंगला गेला, गाड्या गेल्या, स्टुडिओ गेला. पोटासाठी गर्दीत नाचणाऱ्याच्या लहानसहान भूमिका कराव्या लागल्या. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या चाळीतल्या घरी त्यांचे निधन झाले. या उतरणीची कथा आपण मोठ्या चवीने सांगतो. दिवसाला एक अशा सात गाड्या, पंचवीस खोल्या आणि मग चाळ. ही कथा आपल्या मध्यमवर्गीय नीतिबोधाला सोयीची आहे. कष्टकऱ्याच्या मुलाने पायरी सोडली, उधळले, पुन्हा पायरीवर आला. २०१६मध्ये त्यांच्यावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट आला, मंगेश देसाईंनी त्यात जीव ओतून काम केले, त्यामुळे नव्या पिढीला नाव तरी कळले. पण चढ आणि उतार यांच्या मधल्या कामाचे मूल्यमापन अद्याप व्हायचे आहे. त्यांचे आरंभीचे मारधाडपट आज जवळजवळ पाहायलाच मिळत नाहीत. ते पाहणारे गिरणीकामगार, १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपानंतर कायमचे गावी परतलेले, एकेक करून गेले. चित्रपट नाहीत आणि प्रेक्षकही नाहीत. उरली आहेत अंगणात नातवंडांना दाखवलेली एखादी खोटी थप्पड आणि तिची आठवण.

दारासिंग यांचे उदाहरण येथे ताडून पाहण्यासारखे आहे. पंजाबच्या खेड्यातून आलेला, १९५४मध्ये भारताचा अजिंक्य मल्ल ठरलेला आणि १९६२च्या 'किंग काँग'पासून मारधाडपटांचा नायक झालेला हा माणूस. त्यांनाही प्रतिष्ठित समीक्षेने बाजूलाच ठेवले. मान मिळाला तो १९८७-८८मध्ये, दूरदर्शनच्या 'रामायणा'त हनुमान झाल्यावर. म्हणजे मल्लाचा देह आपण स्वीकारतो, पण तो देवाचा असेल तर. किल्ल्याच्या दरवाजाशी असलेल्या मारुतीला नमस्कार आणि त्याच्यासमोर जोर काढणाऱ्या पोराला 'आडदांड' हे विशेषण, असा हा व्यवहार आहे. त्याच 'रामायणा'त मंथरा होत्या ललिता पवार. एकाच मालिकेत मल्लाला देवत्व मिळाले आणि थपडेचा व्रण घेऊन जगलेल्या अभिनेत्रीला कुबड. या योगायोगावर मी अधिक भाष्य करत नाही.

आता आक्षेपांकडे वळते. पहिला आक्षेप असा, की हे चित्रपट मुळात सुमार होते. कथा तीच, खलनायक तोच, शेवट तोच. हे बव्हंशी खरे असेल. पण साचा पुनरावृत्त होणे हा लोककलेतही दोष मानला जात नाही. नमनातली गौळण दरवर्षी तीच असते, आपण पाहतो ते सादरीकरण. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशा लेखनातून हाणामारीचे उदात्तीकरण होत नाही का? आजच्या पडद्यावर रक्ताचे पाट वाहतात आणि त्याला टाळ्या पडतात, अशा वेळी हा आक्षेप मी झटकून टाकू शकत नाही. परंतु त्याचे उत्तर दुर्लक्ष करणे हे नव्हे. प्रहार आणि प्रहाराचा अभिनय यांतला भेद ज्याला कळतो त्यालाच रक्ताच्या पाटाचा कंटाळा येतो. तो भेद शिकवायचा कुणी, तर अभिनयविचार शिकवणाऱ्यांनी. तिसरा आक्षेप माझाच, त्या मुलाला मी घेतलेला. यात साहित्य कुठे आहे? आपण हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका' अभ्यासतो, कारण ते आत्मकथन आहे, शब्दांत आहे. लावणी अभ्यासतो ती तिच्या संहितेसाठी. शक्ती-तुऱ्याचे कवन लोकसाहित्यात येते, ते नाचणारे पाय येत नाहीत. शब्दांच्या अभ्यासकांनी शब्दांपाशी थांबावे हे एक वेळ समजू शकते. पण शब्दांपलीकडच्या गोष्टीसाठी शब्द शोधणे हेही साहित्याचेच काम आहे, आणि ते आपण केलेले नाही.

ते कसे करता येईल याविषयी माझी अपेक्षा माफक आहे. अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. चारी-विधानाचा अध्याय वर्गात वाचावा आणि सोबत 'अलबेला'तला एक नाच दाखवावा. विद्यार्थ्यांना विशेषणे न वापरता, केवळ क्रियापदे वापरून त्याचे वर्णन लिहायला सांगावे. मी हा प्रयोग गेल्या सत्रात केला. मुलांना अर्धे पानही लिहिता येईना. मलाही आले नाही. आमच्यापेक्षा चांगले लिहिले ते दोघांनी, एक कबड्डी खेळणारी मुलगी आणि एक नमनात संकासुर होणारा मुलगा. त्यांच्याकडे भार, झोक, हूल, पवित्रा, चपळाई, सावरणे असे शब्द होते. म्हणजे परिभाषा अस्तित्वात आहे. ती ग्रंथालयात नाही, मैदानात आणि सहाणेवर आहे.

शिमग्याच्या त्या दिवशी पालखी सहाणेवर बसल्यावर मी माझ्या जुन्या विद्यार्थ्याला गाठले. म्हटले, "तुझा विषय बरोबर होता. माझे चुकले." तो घामाघूम होता, ओशाळून हसला. "मॅडम, आता कसला विषय? बोट आहे, पोरे आहेत," म्हणाला. मग थोड्या वेळाने, पाण्याचा तांब्या खाली ठेवत, त्याने आपणहून सांगितले, की त्याचा आजा परळला होता आणि भगवानचे एकूण एक पिक्चर पाहिल्याचे सांगत असे. कोणत्या पिक्चरमध्ये कोणती उडी होती, हे म्हातारा अंथरुणावर असतानाही हातवारे करून दाखवी. त्याने ते सारे एका वहीत उतरवून ठेवले होते, प्रकल्पासाठी. वही अजून घरी माळ्यावर असेल, म्हणाला.

पावसाळ्याआधी ती वही खाली काढायचे आमचे ठरले आहे.